राहिलेला डाग : आरोग्यकथांचे एक वाचन

खकनार परिसरातील आपल्या जुन्या मराठी घरांत गुरुचरित्राची पोथी बहुधा असते. याच घरांतून कोणाला तरी कधीकाळी पौषी पौर्णिमेला मलाजपूरच्या गुरुसाहेबबाबांच्या समाधीवर, होळीच्या सुमारास सैलानीबाबांच्या दर्ग्यावर किंवा थेट गाणगापुरास नेलेले असते. पोथीतील रोगमुक्तीच्या कथा आपण भक्तीने ऐकतो. पण वाङ्मय म्हणून त्या काय सांगतात आणि काय वगळतात, हे आपण क्वचितच पाहतो. प्रस्तुत लेखात तेवढेच पाहावयाचे आहे.

सरस्वती गंगाधरांच्या या सोळाव्या शतकातील ग्रंथात नंदी नावाच्या ब्राह्मणाची कथा येते. अंगावर श्वेतकुष्ठ असलेला हा मनुष्य तुळजापुरी व चंदला परमेश्वरीपाशी सेवा करतो. देवी त्याला गाणगापुरी नृसिंहसरस्वतींकडे पाठविते. देवाने माणसाकडे पाठवावे, याचे त्याला वैषम्य वाटते. संगमस्नान व अश्वत्थप्रदक्षिणा होताच कांती निर्मळ होते. मांडीवर मात्र थोडा डाग उरतो. तो त्याच्या संशयाचा. श्रीगुरू त्याला कवित्व करावयास सांगतात आणि त्या स्तुतीने डाग जातो. रोगी बोलता झाल्याविना आरोग्य पुरे होत नाही, हे या कथेचे मर्म आम्हांस फार मोलाचे वाटते. त्याच ग्रंथात बेदरच्या मुसलमान राजाच्या मांडीवरील फोडही बरा होतो. दुखण्याने धर्माची वेस ओलांडल्याचे पोथीला नवल वाटत नाही.

अशीच कथा ग्रीसमधील एपिडॉरस येथे दगडावर कोरलेली आढळते. तेथे अस्क्लेपिओस देवाच्या मंदिरात रोगी निजत आणि देव स्वप्नात येऊन उपचार करी, अशी श्रद्धा होती. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातील त्या शिलालेखांत अथेन्सची एक डोळा गेलेली अँब्रोसिया इतरांच्या गुणाच्या हकिगती वाचून हसते. देव तिला बरे करतो. पण अज्ञानाची खूण म्हणून चांदीचे डुक्कर अर्पण करावयास सांगतो. गाणगापूर आणि एपिडॉरस यांत इतके अंतर असूनही संशयी माणसाला दोन्हीकडे जागा आहे.

जागा नाही ती बरे न झालेल्याला. शिलालेख मंदिराने कोरविलेला आणि पोथी गुरुमहिमा गाणारी. तेव्हा हे स्वाभाविक आहे. परंतु त्याचा परिणाम घरात होतो. आमच्याच आप्तांतील एक स्त्री तीन वाऱ्या करून तशीच परतली, तेव्हा ‘श्रद्धा कमी पडली’ एवढेच घरचे बोलले. डागाची कथा सर्वांना ठाऊक होती. दोष तिच्या माथी मारणे सोपे गेले.

सोबत करणाऱ्याचेही तसेच. व्हिएडा स्कल्टान्स यांनी १९८७ साली महाराष्ट्रातील एका महानुभाव मंदिराचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथे रोग्यासोबत राहणाऱ्या आया व पत्नी स्वतःच अंगात येऊन घरची पीडा आपल्यावर घेत, असे त्यांना दिसले. रोगी नायक, देव कर्ता. ही माउली मात्र कथेत येत नाही.

अशा स्थळांना केवळ अंधश्रद्धा म्हणून झटकणे आम्हांस पटत नाही. तमिळनाडूतील एका मंदिरात राहिलेल्या ३१ मनोरुग्णांची पाहणी रघुराम व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडली. सरासरी सहा आठवड्यांच्या वास्तव्यात, औषधाविना, लक्षणांची तीव्रता सुमारे वीस टक्क्यांनी उतरली होती. आसरा, शांतता व सोबत यांचा तो गुण असावा. मात्र त्याच राज्यात एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा साखळदंडांत जखडलेले २८ रुग्ण पळू शकले नाहीत. अशा जखडण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्यविषयक कायद्याने मनाई केली आहे.

म्हणून पोथी दूर सारावी, असे आमचे म्हणणे नाही. तिच्यातील श्रीगुरूंनी संशयी रोग्याला बांधले नाही, बोलते केले, तेवढे घ्यावे. जे तसेच परतले आणि ज्यांनी त्यांना सांभाळले, त्यांच्या हकिगती आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांना ठाऊक आहेत. ती माणसे आहेत तोवर त्या लिहून घ्याव्यात, एवढीच वाचकांस विनंती.