सोळा माणसं आणि ग्रीन कॉफीची ‘जादू’

रील्सवरच्या आहारगुरूंचं खरं-खोटं कसं ओळखायचं, असं विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं: ‘संदर्भ देतात का बघा.’ मला हा सल्ला अपुरा वाटतो. कधीकधी चुकीचा दावा संदर्भासकटच येतो.

ग्रीन कॉफीचंच बघा. न भाजलेल्या कॉफीबियांचा अर्क घ्या, वजन उतरेल, हा दावा २०१२ मध्ये अमेरिकेत डॉ. मेहमत ओझ यांनी त्यांच्या टीव्ही शोमध्ये उचलून धरला. ओझ खरोखरचे हार्ट सर्जन. म्हणजे ‘बोलणारा डॉक्टर आहे का?’ ही चाळणीही इथे उपयोगाची नाही! शिवाय दाखवायला शोधनिबंध होता: २२ आठवड्यांत सरासरी आठ किलो कमी.

आता तो निबंध उघडू. प्रयोग झाला आपल्या बंगळुरूत. माणसं किती? १६. पैसे कोणाचे? तोच अर्क विकणाऱ्या अमेरिकन कंपनीचे. निबंध लिहिणारे स्क्रॅन्टन विद्यापीठातले. प्रयोग त्यांनी स्वतः केलाच नव्हता, हाती आलेल्या आकड्यांवरून लिहून दिलं. पुढे अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने आरोप केला की मूळ संशोधकाने वजनाचे आकडे बदलले होते. आणि गंमत म्हणजे, सहभागींना कमी खायला आणि जास्त व्यायाम करायलाही सांगितलं होतं! २०१४ मध्ये कंपनीने ३५ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. त्याच वर्षी लेखकांनी निबंध मागे घेतला आणि ओझ यांना सिनेटच्या समितीपुढे उत्तरं द्यावी लागली.

निबंध गेला, दावा मात्र राहिला. ‘फॅट बर्नर’ म्हणून ग्रीन कॉफीची पाकिटं आपल्याकडे आजही विकली जातात.

म्हणून ‘रिसर्चने सिद्ध झालंय’ असं कुणी म्हटलं की विचारा: प्रयोग उंदरांवर की माणसांवर? किती जणांवर? खर्च कोणी केला? सांगणारा तीच वस्तू विकतोय का? आणि निबंध अजून उभा आहे का? शेवटचं तपासणं सोपं आहे. पबमेडवर निबंधाचं नाव टाका. मागे घेतला असेल तर तशी सूचना वरच दिसते.

ग्रीन कॉफी विष आहे, असं माझं म्हणणं नाही. आवडत असेल तर प्या. पण १६ हा आकडा निबंधाच्या सारांशातच होता. लाखो लोकांना सल्ला देण्याआधी तिथेच थांबायला हवं होतं.