बाजूला पडलेलं मत: यहुदी धर्मशास्त्राचे ग्रंथ कसे वाचावेत

आज आपण यहुदी धर्मशास्त्राच्या, म्हणजे हलाखाच्या, ग्रंथांकडे ग्रंथ म्हणून बघणार आहोत. देव आहे की नाही, तोरा त्यानं दिली की नाही, हा आजचा विषय नव्हे. प्रश्न साधा आहे. स्वयंपाकघरातल्या, बाजारातल्या, लग्नाच्या शंकेला उत्तर देणारा ग्रंथ कसा लिहावा? नुसता निर्णय सांगावा, की त्यामागचा वादही वाचकापुढे ठेवावा?

एक उदाहरण घेऊ. वल्हांडणाच्या सणात खमीर चढलेलं काही खायचं नाही, घरातही ठेवायचं नाही. गहू, जव अशा पाच धान्यांना हा नियम लागू. मग भाताचं काय? तालमुदातल्या बहुतेक पंडितांचं म्हणणं असं, की तांदूळ भिजून नासेल, पण त्याला गव्हासारखं खमीर चढत नाही. म्हणून भात चालेल. एकटे योहानान बेन नुरी म्हणाले, नाही, तांदूळही धान्यातच धरा. त्यांचं मत स्वीकारलं गेलं नाही. पण लक्षात घ्या, ते खोडलंही गेलं नाही. आजही ते त्यांच्या नावासकट तिथं आहे.

जे मत मानायचं नाही ते जपायचं कशाला? हा प्रश्न मिश्नेनं स्वतःच विचारलाय, एदुयोत या प्रकरणात. उत्तर असं, की पुढच्या काळातल्या एखाद्या न्यायमंडळाला तेच मत योग्य वाटलं, तर त्याला आधार असावा. पण लगेच रब्बी यहुदांचं उलट कारणही दिलंय: कोणी ते मत घेऊन आलाच, तर त्याला सांगता यावं की बाबा रे, हे आम्ही ऐकलंय आणि बाजूला ठेवलंय. गंमत बघा, मतभेद का नोंदवायचा यावरच मतभेद आहे, आणि तोही नोंदलेला आहे!

आता मायमोनिडीसकडे येऊ. 1180 च्या सुमारास इजिप्तमध्ये त्यानं ‘मिश्ने तोरा’ पूर्ण केला. चौदा भाग, स्वच्छ हिब्रू, विषयवार मांडणी. मांडणीच्या दृष्टीनं याच्या तोडीचा ग्रंथ त्या परंपरेत मला दिसत नाही. तालमुदात एक विषय दहा ठिकाणी विखुरलेला असतो आणि भाषा बरीचशी अरामी. सामान्य माणसानं जायचं कुठं? मायमोनिडीसची कळकळ खरी होती. पण त्यानं नियमापाशी आधार दिले नाहीत, कोणाचं मत कोणतं तेही सांगितलं नाही. प्रस्तावनेत तर म्हटलं, की आधी तोरा वाचा, मग हा ग्रंथ, मध्ये दुसऱ्या कशाची गरज नाही.

दक्षिण फ्रान्समधले रब्बी अब्राहम बेन डेव्हिड यावर चिडले. त्यांचा आक्षेप तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला चटकन पटावा असा आहे. न्याय देणाऱ्यापुढे दुसऱ्या कोणाचं वेगळं मत असेल आणि तुमचा आधारच त्याला ठाऊक नसेल, तर त्यानं स्वतःचं मत सोडून तुमचं का धरावं? कारण कळलं नाही तर उरते ती फक्त अधिकाऱ्याची आज्ञा. पुढे झालं काय, तर ‘मिश्ने तोरा’च्या छापील पानावर याच टीकाकाराच्या हरकती शेजारी छापल्या जाऊ लागल्या. ज्या ग्रंथानं वाद बाहेर काढला, त्याच्या समासातून वाद परत आत आला.

चारशे वर्षांनी योसेफ कारो यांनी याहून शहाणपणानं काम केलं. आधी ‘बेत योसेफ’ हा आधारांसकट मोठा ग्रंथ, मग त्याचं सार म्हणून ‘शुल्हान आरुख’, म्हणजे मांडलेलं मेज. ते 1565 मध्ये व्हेनिसला छापलं गेलं. पण त्यात पोलंड-जर्मनीकडच्या यहुद्यांच्या चालीरीतींना पुरेशी जागा नव्हती. क्राकोव्हच्या मोझेस इसर्लेस यांनी त्यावर टिपा लिहिल्या आणि त्यांना नाव दिलं ‘मप्पा’, मेजावरचं कापड! भाताचंच बघा: कारो म्हणतात चालतो, इसर्लेस म्हणतात आमच्याकडे न खाण्याची रीत आहे. एकाच पानावर दोन्ही. म्हणूनच तो ग्रंथ दोन्ही घरांत टिकला, असं माझं मत आहे.

हा सगळा पंडितांचा खेळ आहे असं कोणी म्हणेल. नाही. यात माणसं भरडली जातात. आपल्या कोकणातले बेने इस्रायल घ्या. तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांतले बरेच जण इस्रायलला गेले. तिथं शंका निघाली: शतकानुशतकं एकटे राहिलेल्या या लोकांना घटस्फोटाचे शास्त्रोक्त नियम ठाऊक होते का? नसतील, तर त्यांच्याशी लग्न चालेल का? 1962 मध्ये मुख्य रब्बीमंडळानं विवाह नोंदवणाऱ्यांना सूचना दिल्या, की बेने इस्रायल अर्जदाराची आई, आजी आणि त्यामागची जमेल तितकी वंशावळ तपासा. ज्यांनी शब्बाथ पाळला, त्यांच्या आज्यांची चौकशी! 1964 मध्ये जेरुसलेममध्ये निदर्शनं झाली, संसदेनं लक्ष घातलं, आणि सूचनांतून या समाजाचं नाव काढावं लागलं.

माझा मुद्दा पुढे आहे. याच तालमुदात, किद्दुशिन या प्रकरणात, असाही विचार आहे की जे कुळ समाजात मिसळून गेलं, ते मिसळलेलंच राहू द्यावं, उकरत बसू नये. म्हणजे माणुसकीचं उत्तर बाहेरून उसनं आणायची गरज नव्हती, ते घरातच होतं. शोधणाऱ्यांनी पान अर्धंच वाचलं.

तेव्हा ग्रंथांची माझी प्रतवारी सांगतो. सोयीसाठी मायमोनिडीस, रोजच्या वापरासाठी कारो-इसर्लेस, आणि न्यायासाठी तालमूद. निर्णय झटपट देणारा ग्रंथ वाईट नसतो. तो एवढाच ग्रंथ आहे असं मानणं वाईट. आपल्याकडेही ‘धर्मसिंधु’ उघडून निर्णय तेवढा वाचायची सवय आहेच. म्हणून कोणी नियम सांगितला, की एवढं विचारा: याविरुद्ध कोण बोललं होतं, आणि त्याचं म्हणणं काय होतं? ज्याला हे सांगता येत नाही, त्याच्या हातात दुसऱ्याच्या घराची वंशावळ देऊ नये.

आता तुमचे प्रश्न घेऊ.