सर ह्यू डाउडिंग यांचा अहवाल : एक परीक्षण

इ. स. १९४० मध्यें ब्रिटनवर जें हवाई युद्ध झालें, त्याविषयीं दोन सरकारी साधनें प्रमुख आहेत. एक, ब्रिटिश हवाईखात्यानें १९४१ सालीं काढलेली पुस्तिका. दुसरें, सेनापति डाउडिंग यांनीं त्याच वर्षीं ऑगस्टांत सादर केलेला अहवाल. पुस्तिकेच्या लाखों प्रती खपल्या, पण तींत सेनापतीचें नांवच नाहीं! अहवाल मात्र सप्टेंबर १९४६ पर्यंत अप्रकाशित राहिला. बखर हातोहात गेली आणि अस्सल कागद दप्तरांत पडून राहिला, तसाच हा प्रकार होय.

डाउडिंग मूळचे तोफखान्यांतील अधिकारी. १९१३ सालीं ते विमानविद्या शिकले आणि १९३६ पासून नोव्हेंबर १९४० पर्यंत लढाऊ विमानदलाचे अधिपति होते. आपलें दल फ्रान्सच्या रक्षणांत खर्चीं पडल्यास स्वदेशाचा पूर्ण पराभव होईल, असें त्यांनीं १६ मे १९४० रोजीं वरिष्ठांस लेखी बजावलें होतें.

पुस्तिका युद्धारंभ ८ ऑगस्ट धरते, डाउडिंग १० जुलै धरतात. आणि ही निवड कांहींशी ऐच्छिक असल्याचें स्वतःच सांगतात. ही कबुली आम्हांस प्रामाणिकपणाची खूण वाटते. तथापि समकालीन म्हणून प्रत्येक आंकडा ग्राह्य ठरत नाहीं. १५ सप्टेंबर रोजीं शत्रूचीं १८५ विमानें पाडल्याचें तेव्हां जाहीर झालें. जर्मन दप्तरावरून ती संख्या साठाच्या आसपास भरते.

सारांश, सेनापतीच्या हेतूविषयीं अहवाल प्रमाण, शत्रूच्या हानीविषयीं शत्रूचें दप्तर प्रमाण. ज्यानें युद्ध चालविलें त्याचें नांव गाळणाऱ्या वृत्तान्तास आम्ही इतिहास म्हणूं शकत नाहीं.