न सांगितलेला कोल्हा

नियतकालिकांच्या परीक्षण-सदरांत लहान मुलांच्या पुस्तकांचा समाचार घेण्याची आपल्याकडे एक ठरलेली रीत आहे. कादंबरीला चार पाने मिळतात, कवितासंग्रहाला दोन, आणि मुलांच्या पुस्तकांचा एकत्र गठ्ठा करून त्याला शेवटी अर्धा रकाना. त्या अर्ध्या रकान्यात ‘चित्रे आकर्षक, छपाई सुबक, मुलांना नक्कीच आवडेल’ ही वाक्ये आळीपाळीने येतात. चित्रकाराचे नाव बहुधा येतच नाही. माझ्या एखाद्या कादंबरीविषयी ‘अक्षर मोठे, बांधणी चांगली’ एवढेच कोणी लिहिले, तर मी त्याच्याशी महिनाभर बोलणार नाही. चित्रपुस्तके करणारी मंडळी हे मुकाट्याने सोसत आली आहेत.

मी बालवर्गाला शिकवते आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, त्यामुळे समीक्षेची परिभाषा माझ्यापाशी बेताचीच. पण एकच पुस्तक मोठ्याने चाळीस-पन्नास वेळा वाचण्याचा प्रसंग समीक्षकांवर क्वचित येतो, माझ्यावर दर वर्षी येतो. त्या वाचनाच्या बळावर दोन पुस्तकांविषयी लिहिण्याचे धाडस करते. दोन्ही परदेशी आहेत, दोन्ही अर्धशतकाहून जुनी आहेत, आणि अशा पुस्तकांभोवती हस्तकामाचा जो पसारा आम्ही शिक्षकांनी मांडला आहे, त्याविषयीही बोलणे भाग आहे.

चित्राने शिकवावे हा विचार नवा नव्हे. मोरेव्हियातल्या कोमेनियसचे ‘ऑर्बिस पिक्टस’ १६५८ मध्ये न्यूरेंबर्गला छापले गेले. चित्रातल्या वस्तूंवर आकडे, आणि तेच आकडे लॅटिन व जर्मन मजकुरातल्या त्या त्या शब्दापाशी. म्हणजे पोराने बोट ठेवून वस्तू आणि शब्द यांची गाठ घालावी. कल्पना थोरच होती. आपल्या भिंतीवरचा ‘आ आंब्याचा’ हा तक्ता तिचाच पणतू. पण अशा पुस्तकात चित्र आणि शब्द एकच गोष्ट सांगतात. एक झाकले तरी दुसऱ्यावाचून फारसे अडत नाही. तिथले चित्र हे शब्दाचा इमानी नोकर असते, पण नोकरच. इंग्लंडात रँडॉल्फ कॅल्डेकॉट याने १८८२ मध्ये एका जुन्या बडबडगीताची चित्रे काढली. गाणे ताटली आणि चमचा पळून गेले इथे संपते, आणि चित्र त्याच्या पुढे जाऊन फुटलेली ताटली दाखवते. नोकराने स्वतःच्या मनाने बोलायला सुरुवात केली ती अशी.

पॅट हचिन्स या बाईंचे ‘रोझीज वॉक’ १९६८ सालचे. सगळ्या पुस्तकात इंग्रजी शब्द बत्तीस, आणि तेही मिळून एकच वाक्य. रोझी नावाची कोंबडी फेरफटका मारायला निघते, वाटेत तळे लागते, गवताची गंजी लागते, पिठाची गिरणी लागते, आणि ती जेवणाच्या वेळेला घरी परतते. मजकुरात एवढेच आहे. चित्रात मात्र पहिल्यापासून तिच्या मागे एक कोल्हा आहे. तो झडप घालतो आणि दाताळ्यावर पाय पडून त्याचा दांडा तोंडावर बसतो. पुन्हा झडप घालतो आणि तळ्यात पडतो. मग गवतात बुडतो, मग डोक्यावर पीठ सांडते, आणि शेवटी मधमाश्या त्याला पिटाळून लावतात. कोंबडी एकदाही मागे वळून पाहत नाही. आणि मजकुरात ‘कोल्हा’ हा शब्द एकदाही येत नाही.

हे पुस्तक मी इंग्रजीवरून तोंडी मराठी करून वाचते. तिसरे पान उलटायच्या आत कोणीतरी ओरडतेच, “बाई, मागे कोल्हा!” अशा वेळी बाईने काय करावे? मी पुढची ओळ तशीच वाचते. माझ्या तोंडून कोल्हा येत नाही म्हटल्यावर मुलांना जो चेव येतो तो पाहण्यासारखा असतो. ज्यांना अक्षरओळख नाही अशा २८ मुलांना अक्षर वाचणाऱ्या बाईपेक्षा अधिक कळते आहे, आणि बाईला ते कळत नाही हेही त्यांना कळते आहे! आम्ही कादंबरीकार ज्याला निवेदकाचे अज्ञान म्हणतो, पात्राला ठाऊक नसलेले वाचकाला ठाऊक असणे म्हणतो, ते साधण्यासाठी दोन-दोनशे पाने खर्ची घालतो. इथे चार वर्षांची पोरे ते मांडी घालून उपभोगतात. पुढे वाद होतो तो रोझीला कोल्हा दिसला होता की नाही यावर. एक पक्ष म्हणतो, ती बावळट आहे. दुसरा म्हणतो, तिला सगळे ठाऊक आहे, ती मुद्दामच त्या वाटेने गेली. पुस्तक याचा निकाल देत नाही. कोंबडीचा डोळा हचिन्सबाईंनी असा काही अर्धवट मिटलेला काढला आहे की दोन्ही पक्षांना तो साक्षीला घेता येतो.

आता हस्तकाम. ह्या पुस्तकावरचा उपक्रम म्हणून कागदी थाळीची कोंबडी करायची, तिला कापूस चिकटवायचा, चोच लाल रंगवायची, आणि सगळ्या कोंबड्या भिंतीवर ओळीने लावायच्या, हा प्रकार मी पाहिला आहे. दिसायला छान. पण ती थाळी करताना मुलाला पुस्तक आठवण्याची काहीच गरज पडत नाही. कोंबडी कुठलीही चालते. हाताचे काम मुलाला पुन्हा पुस्तकाच्या पानाकडे धाडते की नाही, एवढीच माझी कसोटी आहे. कापसाची कोंबडी धाडत नाही.

आम्ही अंगणात वाट मांडतो. पाण्याची परात म्हणजे तळे, भाताणाचा ढीग म्हणजे गंजी, शाळेचा हौद म्हणजे गिरणी, दोरी बांधली की कुंपण. एक मूल रोझी, एक कोल्हा, आणि बाकीची पुस्तक उघडे धरून वाट बरोबर आहे की नाही हे तपासणारी. ह्या खेळात मराठीची एक अडचण अशी पुढे आली की ती मला टेबलाशी बसून कधीच सुचली नसती. कोंबडी गंजीच्या माथ्यावर चढून पलीकडे उतरते आणि गिरणीच्या शेजारून पुढे जाते. इंग्रजीत त्या दोन जाण्यांना दोन निरनिराळे शब्द आहेत. मी दोन्हीकडे सहजपणे ‘वरून’ म्हटले. आपण ‘देवळावरून बाजारात जा’ म्हणतो तेव्हा कोणी कळसावर चढत नाही. पण रोझी झालेली मुलगी हौदापाशी थबकली आणि विचारू लागली, “बाई, वरनं म्हणजे चढून, का नुसतं बाजूनं?” सगळ्यांनी पुस्तकाकडे धाव घेतली. चित्राने निकाल दिला. एका शब्दयोगी अव्ययाचे दोन अर्थ त्या दिवशी पायांना समजले. ‘गिरणीजवळून’ म्हटले तर अर्थ नेमका होतो, पण वाक्याची चाल मोडते. ह्या पुस्तकाचे मराठी करू पाहणाऱ्याने त्या एका जागी तरी अडखळले पाहिजे.

हाताने शिकण्याचा वारसा आपल्याला बाहेरून मागून आणावा लागत नाही. गिजुभाई बधेकांनी भावनगरला १९२० मध्ये बालमंदिर काढले, ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या, आणि पुढे १९४५ पासून बोर्डीला व १९५७ पासून कोसबाडला ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी वारली वस्तीच्या अंगणात शाळा नेली. माँटेसरीची साधने महाग म्हणून त्यांनी बिया, शिंपले, पाने, काड्या घेतल्या. हे सगळे आपण भाषणांतून सांगतो. सांगत नाही ते हे की कथेच्या बाबतीत गिजुभाईंनी माँटेसरीबाईंचे ऐकले नाही. लहान मुलांना अद्‌भुत गोष्टी देण्याला बाईंचा विरोध होता; गिजुभाईंनी गोष्ट सांगण्याचे शास्त्र म्हणून गुजरातीत सबंध ग्रंथ लिहिला. बी हातात देणारा माणूस गोष्टीलाही तेवढाच मान देत होता. आपण बी ठेवले आणि गोष्ट उपक्रमाच्या दावणीला बांधली.

दुसरे पुस्तक एरिक कार्ल यांचे, ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’, १९६९ सालचे. हे जगप्रसिद्ध आहे, आणि हचिन्सबाईंच्या पुस्तकापेक्षा ते मला एक पायरी खालचे वाटते. भुकेला सुरवंट सोमवारी एक फळ खातो, मंगळवारी दोन, असे शुक्रवारपर्यंत. शनिवारी केक, आइस्क्रीम, चीज असे दहा पदार्थ खाऊन त्याचे पोट दुखते. रविवारी एक हिरवे पान खाऊन त्याला बरे वाटते. मग कोश, मग फुलपाखरू. वार आले, अंक आले, फळे आली, आहार आला, जीवनचक्रही आले. पाठ्यक्रमातली पाच कलमे एका पुस्तकात वसूल होतात म्हणून ते शिक्षकांचे लाडके. चित्र आणि शब्द इथे पुन्हा एकच गोष्ट सांगतात.

मग ते तगले कशावर? भोकावर. सुरवंटाने खाल्लेल्या प्रत्येक फळाला खरोखरचे भोक आहे, आणि सोमवार ते शुक्रवार पाने अरुंदाकडून रुंदाकडे वाढत जातात. कार्ल यांना ही कल्पना कागदाला भोके पाडण्याच्या यंत्रामुळे सुचली. आधी त्यांच्या डोक्यात पुस्तकी किडा होता, सुरवंट संपादिकेने सुचवला. असली कापाकापी परवडेल असा छापखाना अमेरिकेत मिळेना, तेव्हा पहिली आवृत्ती जपानात छापून घेतली. मूल पुस्तक हातात घेते आणि पहिल्यांदा भोकात बोट घालते; बोटच सुरवंट होते. हस्तकाम पुस्तकाच्या पोटातच आहे. त्याला बाहेरून थाळी जोडण्याची गरजच नाही. हल्ली हजारो चित्रपुस्तके पडद्यावर फुकट वाचता येतात, प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ने २०१५ पासून ती सोय केली आहे आणि गरीब शाळेला ती मोलाची आहे. पण पडद्याला भोक पडत नाही.

कोणी सुचवतात की शनिवारचे परदेशी पदार्थ काढून तिथे वडा, जिलबी, पुरणपोळी घालावी. मला हे पटत नाही. परक्या खाण्याची नवलाई हाही गोष्टीचा भाग आहे. मुलांनी आपापला शनिवार निराळ्या कागदावर काढावा, आणि तो ती काढतातच.

पावसाळ्यात आम्ही लिंबाच्या झाडावरची अळी काचेच्या बरणीत ठेवतो, तोंडाला फडके बांधून. पहिल्यांदा ती पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, पुढे हिरवीगार होते, डिवचली तर मानेमागून तांबूस शिंगे काढते आणि घाण वास सोडते. पहिला आक्षेप नावावरच आला: “हा सुरवंट नाही बाई, ह्याला केस नाहीत, ही अळी.” दुसरा अधिक गंभीर. कोणीतरी बरणीत केळ्याचा तुकडा टाकला. अळीने ढुंकूनही पाहिले नाही. लिंबाची पाने तेवढी तिने खाल्ली. मग पुस्तक खोटे का? मुलांनी पाने मागे-पुढे करून पाहिले आणि रविवारच्या पानावर बोट ठेवले: ते एक खरे. आठवड्या-दीड आठवड्याने कोशातून फुलपाखरू निघाले तेव्हा त्याचे पंख चुरगळलेल्या फडक्यासारखे होते आणि ते बराच वेळ नुसते लटकून राहिले. कार्ल यांचे फुलपाखरू एकदम दोन पाने भरून पसरते. ही तुलना मुलांनी केली, मी नव्हे. आणि ती केली म्हणून पुस्तक त्यांना नावडते झाले असेही नाही.

जाणकारांनी कार्ल यांची आणखी एक चूक काढली आहे. पतंग रेशमी वेष्टन विणतो, फुलपाखराचे तसे नसते. इंग्रजीत दोन्हींना दोन नावे आहेत आणि कार्ल यांनी पतंगाचे नाव फुलपाखराला दिले. मराठीत दोन्हींना आपण कोशच म्हणतो. ‘वरून’ने रोझीला जे अडवले ते ‘कोशा’ने सुरवंटाला माफ केले!

२०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांच्या मुलांचा पायाभूत स्तर वेगळा मानला आणि २०२३ मध्ये ‘जादुई पिटारा’ नावाची खेळ-साहित्याची पेटीही निघाली. बाहुल्या, कोडी, गोष्टींची चित्रे शाळेत येऊ लागली याचा मला आनंदच आहे. भीती वाटते ती पेटीची नव्हे, तिच्यामागून येणाऱ्या तक्त्याची. उपक्रमासमोर ‘अध्ययन निष्पत्ती’ लिहायची असते. सुरवंटापुढे पाच निष्पत्ती झरझर लिहिता येतात. रोझीपुढे काय लिहावे? न सांगितलेले पाहिले, बाईला हसले, दोघांचे पटले नाही? रकाना रिकामा राहू नये म्हणून हळूहळू बाईच सांगू लागणार, “मुलांनो, बघा, मागे कोण आहे?” त्या प्रश्नासरशी पुस्तक संपते.

मराठीत असे पुस्तक होण्याजोगी माणसे आहेत. माधुरी पुरंदरे यांची पुस्तके पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाने काढली; २०१४ मध्ये त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. त्यांच्या पुस्तकांत लेखणी आणि कुंचला बहुधा एकाच हातात असतो. ‘चित्रवाचन’ हे त्यांच्या एका पुस्तकाचे नावच आपल्या परीक्षकांनी भिंतीवर लिहून ठेवावे. एरवी आपल्याकडे मजकूर पुरा झाल्यावर चित्रकाराला निरोप जातो, इतक्या दिवसांत इतकी चित्रे हवीत. मग तो बिचारा मजकुरात जे आहे तेच काढतो. लेखकाने एखादी गोष्ट चित्रकारासाठी राखून ठेवायची, म्हणजे ती स्वतः लिहायची नाही, हा संयम मराठी लेखकाला जड जातो. मला स्वतःलाही जाईल.

शनिवारी मी पुस्तके घरी देते. रोझी नेलेल्या एका मुलीचे वडील सोमवारी शाळेच्या दाराशी भेटले. म्हणाले, “बाई, ह्यात काहीच नाही. कोंबडी जाते नि येते. अर्ध्या मिनिटात संपलं. ही मात्र दहादा वाचायला लावते, आणि मी वाचायला लागलो की तोंडावर हात ठेवून हसते. कशाला हसते ते सांगत नाही.” मुलगी त्यांचा हात धरून उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले. मीही त्यांना काही सांगितले नाही.