मोठ्या शिकारीचीं काडतुसें आणि टेलर यांचा ‘धक्कांक’

जॉन टेलर यांचा आफ्रिकेंतील रायफली व काडतुसें यांवरील इंग्रजी ग्रंथ १९४८ सालीं प्रसिद्ध झाला. लेखकाचें आयुष्य आफ्रिकेच्या रानांत गेलेलें असल्यामुळें त्यांतील माहिती ऐकीव नाहीं. जुन्या रायफलींचा संग्रह करणारे अद्यापि हा ग्रंथ प्रमाण मानतात. परंतु त्यांतील ज्या आंकड्यांचा आधार सर्वांत अधिक घेतला जातो, त्यांचीच चिकित्सा सर्वांत कमी होते. म्हणून ती येथें करण्याचें योजिलें आहे.

टेलर यांची रीत अशी: गोळीचें वजन ग्रेनांत, वेग सेकंदास फुटांत व व्यास इंचांत घ्यावा, तिहींचा गुणाकार करावा आणि त्यास ७००० नीं भागावें. येणाऱ्या अंकास आपण ‘धक्कांक’ म्हणूं. तीन प्रसिद्ध काडतुसें या रीतीनें तपासून पाहूं. हॉलंड कंपनीचें १९१२ सालचें .३७५ मॅग्नम ३०० ग्रेनांची गोळी २५३० फूट वेगानें फेंकतें, अंक ४१. रिग्बी यांचें १९११ सालचें .४१६ हें ४१० ग्रेन व २३७१ फूट, अंक ५८. जोडनळीच्या रायफलीचें .४७० हें ५०० ग्रेन व २१५० फूट, अंक ७२. आतां याच तिहींची गतिशक्ति काढली तर ती अनुक्रमें सुमारें ४२६५, ५१२० व ५१३० फूट-पौंड भरते. म्हणजे शक्तीनें .४१६ व .४७० हीं समान, आणि धक्कांकानें त्यांत चतुर्थांशाचें अंतर. दोहोंपैकीं कोणती मोजणी खरी, असा प्रश्न साहजिकच उत्पन्न होतो.

आमच्या मतें धक्कांक हें निसर्गांतील कोणत्याही एका राशीचें माप नव्हे. वजन व वेग यांचा गुणाकार हा संवेग होय. परंतु त्यास व्यासानेंच कां गुणावें, व्यासाच्या वर्गानें कां नाहीं, याची उपपत्ति नाहीं. अनुभवास जुळेल असा अंक काढावा, एवढाच हेतु दिसतो. शिवाय गोळी किती खोल शिरेल हें त्यांत येत नाहीं. वजनास व्यासाच्या वर्गानें भागून पाहिलें तर क्रमच पालटतो: .४१६ पहिलें, .४७० दुसरें, .३७५ तिसरें. हत्तीच्या कवटीशीं गांठ पडली असतां ही गोष्ट गौण म्हणतां येत नाहीं.

तथापि टेलर यांस न्याय देणें अवश्य आहे. हा अंक प्राणी मारण्याच्या सामर्थ्याचें माप आहे, असें त्यांनीं म्हटलेलेंच नाहीं. हत्ती, गेंडा, रानरेडा यांसारख्या जड हाडांच्या जनावरांस भरीव गोळीनें बसणाऱ्या तडाख्याची तुलना, इतकीच त्यांनीं घातलेली मर्यादा होती. पुढील लोकांनीं कोष्टक उचललें आणि मर्यादा मागें ठेवली. मग हरणापासून हत्तीपर्यंत सर्वांस तेंच कोष्टक लावलें जाऊं लागलें. मूळ पोथींतील टीप गाळून केवळ श्लोक उतरून घेणाऱ्या लेखकूचाच हा दोष होय.

दुसरा साक्षीदार बेल. यांनीं हजारावर हत्ती मारले, आणि त्यांतील बहुतेक ७ मिलिमीटरच्या लहान रायफलीनें. तिचा धक्कांक सोळाच्याही खालीं! टेलर व बेल हे दोघेही सत्यवादी मानले तरी विरोध उरत नाहीं. बेल मेंदूचा अचूक वेध घेत. टेलर यांचा अंक मेंदू चुकला असतां काय होईल याविषयीं बोलतो. परंतु येथें एक सावधगिरी पाहिजे. ज्यांचा नेम चुकला व जे जनावराखालीं सांपडले, त्यांनीं ग्रंथ लिहिले नाहींत. आपल्या हातीं आहे ती केवळ वांचलेल्यांची साक्ष.

संग्राहकांनीं नांवांविषयींही दक्ष राहावें. काडतुसावरील अंक म्हणजे गोळीचा खरा व्यास, हा समज चुकीचा आहे. .४०४ ची गोळी .४२३ इंचांची, .४५० ची .४५८ इंचांची असते. नांवाचा अंक घेऊन .४०४ चा धक्कांक ४९ येतो. खरा व्यास घेतल्यास ५१. ‘मॅग्नम’ या शब्दाचेंही तसेंच. .३७५ च्या बुडाशीं असलेला पट्टा बळकटीसाठीं नसून काडतूस नळींत नेमक्या जागीं बसावें म्हणून आहे. उलट .४१६ रिग्बीस ना पट्टा ना ती उपाधि. तरी तें आकारानें.३७५ हून मोठें. उष्ण हवेंत कॉर्डाइट दारूचा दाब वाढतो, म्हणून तें मुद्दाम ऐसपैस केलेलें होतें. छापील वेग हेंही कारखानदाराचें विधान समजावें. १९५६ सालीं निघालेल्या .४५८ विंचेस्टर मॅग्नमचा जाहीर वेग २१०० फुटांवर होता. आंखूड नळींतून तितका मिळत नसे, ही तक्रार पुढें प्रसिद्धच झाली.

या विषयाचा हिंदुस्थानाशीं असलेला संबंध तर निव्वळ इतिहासाचा आहे. १९०७ सालीं सरकारनें .४५० व्यासाच्या रायफली व काडतुसें हिंदुस्थानांत आणण्यास बंदी केली. बंडखोरांच्या हातीं पडलेल्या मार्टिनी-हेन्री बंदुकांस त्यांचा उपयोग होईल, ही भीति होती. परिणामीं .४६५, .४७०, .४७५, .४७६ अशी केसाकेसाच्या फरकाचीं काडतुसें निघालीं. १८९८ च्या .४५० चा धक्कांक ६६, .४७० चा ७२. हा फरक कोणत्याही हत्तीनें मागितला नव्हता, तो आज्ञापत्रानें घडविला. कोष्टकांतील या अंकांवरून शिकारीच्या गरजा अनुमानूं पाहणारा संशोधक फसेल.

सारांश, टेलर यांचा ग्रंथ अनुभवाची साक्ष म्हणून मोलाचा आहे, शास्त्र म्हणून नव्हे. १९७२ च्या कायद्यानंतर या रायफली आपल्याकडे शिकारीच्या राहिल्या नसून संग्रहाच्या झाल्या आहेत. तेव्हां प्रत्येक संग्राहकानें नळीवरील शिक्का, गोळीचा मोजलेला व्यास व काडतुसाच्या बुडावरील अक्षरें हीं तिन्ही स्वतंत्रपणें नोंदवावीं, आणि धक्कांक लिहिलाच तर तो कोणत्या व्यासावरून काढला हें सांगावें. एवढी शिस्त पाळली तर पुढील अभ्यासकास हीं कोष्टकें पुन्हां मुळापासून तपासतां येतील.