ओळख मुलग्यांची, इंग्रजी मुलींची

सनाबिसमध्ये राहत असाल तर एक आठवून बघा. बहारीनमधली पहिली नोकरी तुम्हाला कुणी सांगितली? जाहिरातीने, की गाववाल्याने?

कैवान मुनशी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांचा २००६ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त आलेला पेपर याच प्रश्नाभोवती फिरतो, फक्त दादरमध्ये. १९९० नंतर मुंबईत इंग्रजीला भाव आला. तरी कामगारवस्तीतल्या, तथाकथित खालच्या जातींमधल्या घरांतले मुलगे मराठी माध्यमातच जात राहिले. जातभाईंच्या ओळखीने कारखान्यात चिकटायचं होतं ना! मुलींसाठी शब्द टाकणारं कुणी नव्हतंच. म्हणून त्याच घरांतल्या मुली झपाट्याने इंग्रजी शाळांकडे वळल्या. वंचितपणाचा असा उलटा फायदा आकड्यांतून दाखवणं, हे मला या पेपरचं सगळ्यात भारी काम वाटतं.

खटकतं ते पुढे. नव्या बाजारात ही ओळख म्हणजे मुख्यतः अडसर, असा पेपरचा सूर आहे. हे अर्धंच झालं. नमुन्यातली सगळ्यात जुनी मुलं पहिलीत गेली १९८२ साली, म्हणजे गिरणी संपाच्याच वर्षी. पगार बंद झाल्यावर घरं कुणाच्या आधारावर तगली? तुमचंही तेच. व्हिसा नोकरीला बांधलेला; ती गेली की खोलीत जागा देतो तो पुन्हा गाववालाच. त्या जागेची किंमत पगाराच्या हिशेबात कुठे धरायची?

पेपर वाचाच, पण तक्त्यांच्या आधी प्रस्तावना.