गायरान आणि कुंपण

लॉरेन्स लेसिग ह्या अमेरिकन कायदेपंडितांचा ‘फ्री कल्चर’ हा ग्रंथ २००४ सालीं पेंग्विन प्रेसनें प्रसिद्ध केला. विक्रीस ठेवलेला हाच ग्रंथ त्यांनीं इंटरनेटवर विनामूल्यहि ठेवला. ग्रंथकाराचें नांव राखून व नफ्याचा हेतु न धरितां कोणीहि त्याच्या प्रती काढाव्या, भाषांतर करावें, अशी मुभा दिली. आपला सिद्धांत त्यांनीं प्रथम आपल्याच मिळकतीस लावून पाहिला, हें सचोटीचें लक्षण होय. परंतु सचोटीनें सिद्धांत खरा ठरत नाहीं. तो वेगळाच तपासला पाहिजे.

सिद्धांत असा कीं, प्रत्येक नवी कृति जुन्या कृतींचें ऋण घेऊनच जन्मास येते; म्हणून स्वामित्वाचें कुंपण मर्यादित असावें. डिस्नेचा ‘स्टीमबोट विली’ हा १९२८ चा बोलपट बस्टर कीटनच्या त्याच सालच्या चित्रपटाची थट्टा करूनच उभा राहिला, हा त्यांचा दाखला मार्मिक आहे. तरी १९९८ सालीं अमेरिकन काँग्रेसनें स्वामित्वाची मुदत आणखी वीस वर्षांनीं वाढविली आणि विलीलाहि मोकळें होण्यास १ जानेवारी २०२४ पर्यंत थांबावें लागलें. जुन्या कविता वाचकांस मोफत देऊं इच्छिणाऱ्या एरिक एल्ड्रेड यांच्या वतीनें लेसिग ह्या कायद्याविरुद्ध लढले व २००३ सालीं सात विरुद्ध दोन मतांनीं हरले. त्या पराभवाची त्यांनीं केलेली चिकित्सा हा ग्रंथाचा सर्वोत्तम भाग होय.

मात्र आरंभींच्या दृष्टांतांत आम्हांस उणीव दिसते. नॉर्थ कॅरोलिनांतील कॉझ्बी नांवाच्या शेतकऱ्यांच्या कोंबड्या लष्करी विमानांच्या आवाजानें मरूं लागल्या. आपल्या जमिनीवरील आकाशहि आपलेंच, हा जुना दावा न्यायालयानें १९४६ सालीं फेटाळला, एवढ्यावर लेसिग भर देतात. पण त्याच निकालानें, नुकसान झाल्याबद्दल भरपाईचा हक्कहि मान्य केला. ही बाजू त्यांनीं तळटीपेवर सोपविली. विमानें उडावीं, पण कोंबड्यांची किंमत बुडूं नये, हाच खरा न्याय! लेखणीवर पोट भरणाऱ्यांस ही दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटेल.

आणि खुद्द लेसिग यांच्या कार्यांत हा तोल सांभाळलेला आहे. त्यांच्या पुढाकारानें २००१ सालीं स्थापन झालेल्या ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’नें पुढल्याच वर्षीं परवान्यांचे तयार मसुदे दिले. कॉमन्स म्हणजे आपलें गायरान. येथें मालकी लेखकाकडेच राहते. कोणती मुभा द्यावयाची तें तोच आगाऊ जाहीर करितो. दोष इतकाच कीं, ‘व्यापारासाठीं नव्हे’ ही अट संदिग्ध आहे. खर्चापुरती किंमत घेणारा छोटा प्रकाशक व्यापारी कीं नव्हे?

हा प्रश्न परदेशचा म्हणून सोडून चालणार नाहीं. रवींद्रनाथांचें वाङ्मय मोकळें होण्याचा समय येतांच, १९९२ सालीं आपल्याकडेहि लेखकाच्या मृत्यूनंतरची मुदत पन्नासांवरून साठ वर्षें झाली. एका कवीच्या निमित्तानें झालेली ही वाढ सर्वांस लागू झाली. म्हणूनच १९५० सालीं निवर्तलेल्या सानेगुरुजींचें लेखन २०११ च्या आरंभीं मोकळें झालें. लोकप्रिय लेखकाचें वाङ्मय ह्या काळांत छापलें तरी जातें; पण ज्याचें पुस्तक बाजारांतून गेलें आणि वारसहि सांपडत नाहींत, त्या लेखकास साठ वर्षांचें कुंपण म्हणजे दुसरें मरण. हयात असतांनाच परवाना लिहून ठेवणें एवढाच उपाय त्याच्या हातीं आहे. ग्रंथांत अमेरिकन खटल्यांचा पाल्हाळ फार आहे. तरी मराठी लेखकांनीं व त्यांच्या कुटुंबीयांनीं तो अवश्य वाचावा.